परांचीवरच्या माणसाचा कागद

बाबांकडे लाल पुठ्ठ्याच्या लांबट वह्या आहेत, किराणा दुकानदार उधारीसाठी ठेवतात तशा. तीस वर्षांच्या मिस्तरीकामाचा सगळा हिशेब त्यांत आहे. कोणत्या घराचं गुत्तं कितीत ठरलं, कोणाला किती उचल दिली, कोणत्या रेजाची, म्हणजे बाईमजुराची, हजेरी किती भरली. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांत बाबांच्या हातची घरं आहेत, आणि त्यातल्या एकाही घराच्या वेळी बाबांना कुणी परवाना विचारला नाही. मालकानं नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, पाहिला, ग्रामपंचायतीत अर्ज टाकला, नारळ फोडला की काम सुरू. मिस्तरी कोण आहे, त्याच्या हाताखाली किती माणसं आहेत, त्यातलं एखादं वरून पडलं तर काय, हे विचारण्याची पद्धतच नव्हती.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, पुण्यात नऊ वर्षं साइटवर सुपरवायझर म्हणून काढली आणि २०२०च्या टाळेबंदीत गावी आलो तो परत गेलो नाही. दोन वर्षं बाबांबरोबर खासगी घरं बांधली. मग २०२२ मध्ये ठरवलं की रीतसर कंत्राटदार म्हणून नोंदणी करायची आणि सरकारी कामं घ्यायची. आमच्याकडे अंगणवाड्या, शाळाखोल्या, पाणंद रस्ते यांची कामं निघतच असतात. ती बाहेरचे लोक घेतात आणि प्रत्यक्ष काम मात्र आमच्याच गावातल्या मिस्तऱ्यांकडून स्वस्तात करून घेतात. बाबांनी अशी चार कामं पोटठेक्यात केली होती. कामाच्या फळ्यावर त्यांचं नाव कधीच आलं नाही.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते ओळंब्याची दोरी गुंडाळत होते. म्हणाले, "कर बावा. पण एवढे कागद कायले लागते? कागदावर भीत उभी रायते का?"

कागदांची यादी खरंच लांब होती. पदविकेचं प्रमाणपत्र, अधिवास, पॅन, जीएसटी, व्यवसाय कर, केलेल्या कामांचे दाखले, हाताखालच्या यंत्रसामग्रीची यादी, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र आणि ऐपतीचा दाखला. मी नोंदणी खालच्या वर्गात मागत होतो, त्यामुळे मोठ्या कंपन्यांसारख्या अटी नव्हत्या. तरी ऐपतीच्या दाखल्यानं माझे अडीच महिने खाल्ले.

ऐपत म्हणजे आमची साडेतीन एकर काळी जमीन. सातबारा काढला तर इतर हक्कात पीककर्जाचा बोजा तसाच. कर्ज तर महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत माफ झालेलं. बाबांचं नाव यादीत आलं होतं, आधार प्रमाणीकरण झालं होतं, गावात पेढे वाटले होते. पण कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेकडून बेबाकी, म्हणजे कर्ज उरलं नसल्याचा दाखला, आणायची, अर्ज द्यायचा, फेरफार नोंदवायचा, नोटिशीची मुदत संपू द्यायची, मग नोंद प्रमाणित होते. हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. दोन-अडीच वर्षं आम्ही कर्जमुक्त होतो आणि कागदावर कर्जदार. ज्यांना पुढे कधी तारण, जामीन किंवा असा दाखला लागणार असेल त्यांनी आजच सातबारा काढून पाहावा, एवढं मी गावात भेटेल त्याला सांगतो.

जीएसटीचं काम उलट दोन आठवड्यांत झालं. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, पण निविदेत क्रमांक मागतात, त्यामुळे छोट्या कंत्राटदारालाही ती करावीच लागते. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये. ई-निविदा भरायला डिजिटल सही लागते. ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये येते, आणि २०२१ पासून वर्ग ३ चीच सही मिळते. टोकनचा पासवर्ड मी पहिल्याच आठवड्यात इतक्यांदा चुकवला की ते बंद पडलं आणि पुन्हा पैसे भरून नवी सही काढावी लागली. पासवर्ड आता बाबांच्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे.

नोंदणीचं पत्र हातात पडलं ते डिसेंबर २०२२ मध्ये. तेव्हा कळलं की नोंदणी झाली म्हणजे काम मिळालं असं नाही. आपल्याकडे ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांची वाटणी तेव्हा ३३:३३:३४ अशी होत होती. ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि उरलेले ३४ टक्के माझ्यासारख्या खुल्या नोंदणीतल्यांना. रकमेच्या मर्यादा शासन निर्णयानुसार बदलत राहतात, म्हणून कुणी सांगितलं त्यावर न जाता ताजा निर्णय काढून वाचलेला बरा. मी वाटपाच्या भरवशावर न राहता जाहीर निविदा भरायला लागलो. दोन गेल्या. तिसरी लागली. शेजारच्या गावातली अंगणवाडी, एक खोली, स्वयंपाकाची जागा, व्हरांडा, शौचालय.

कार्यारंभ आदेश घेण्याआधी निविदेच्या अटी मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचल्या. पुण्यात हे काम ऑफिसातली माणसं करायची. त्यात विम्याचं कलम होतं. कामाचा विमा काढायचा, मजुरांचाही काढायचा. विमा काढल्याचा कागद दाखवला नाही तर बिलातून एक टक्का कापून घेणार. ओळखीच्या एका जुन्या कंत्राटदाराला विचारलं तर तो म्हणाला, "कापू दे ना भाऊ एक टक्का. कायले कटकट करतं? सगळेच कापून घेते."

मी तसंच करणार होतो. रात्री जेवताना बाबांना सहज सांगितलं की एक टक्का कापू देऊ. बाबा काहीच बोलले नाहीत. भाकर कुस्करत राहिले. मग आईच म्हणाली, "विमा असता तं त्याच्या घरी तशे दिवस आले नसते."

कोणाबद्दल बोलते हे सांगायची गरज नव्हती.

२०१४चा मार्च. एका दुमजली घराच्या बाहेरच्या गिलाव्याचं काम. बल्ल्यांची परांची, काथ्याच्या दोरीनं बांधलेली. दोरी जुनी, दोन उन्हाळे खाल्लेली. बाबांच्या टोळीतला एक मिस्तरी, पस्तिशीतला, हातात थापी घेऊन सरकला आणि फळीसकट खाली आला. उंची चौदा फूट असेल. खाली गिट्टीचा ढीग. मी तेव्हा पुण्यात होतो. बाबांनी फोनवर एवढंच सांगितलं की माणूस पडला, यवतमाळला नेलं, जिवंत आहे. कंबरेखालचं अंग तेव्हापासून गेलं ते गेलंच.

पोलिसांत गेलं नाही प्रकरण. गावातले चार शहाणे बसले, मालकानं काही द्यायचं ठरलं, बाबांनी काही द्यायचं ठरलं. सगळ्यांनी आपापल्या परीनं चांगलंच वागायचा प्रयत्न केला. बाबांनी त्या वर्षीचा कापूस विकून पहिले २० हजार दिले. त्याची बायको पुढे लोकांच्या वावरात निंदणा-वेचणीला जायला लागली. पोरगा तेव्हा दहा वर्षांचा. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला मिळणारे पैसे, २०२२ मध्ये ते १,००० रुपये होते, हा त्या माणसाच्या नावावर येणारा एकमेव पैसा.

दुसऱ्या दिवशी मी एका विमा कंपनीच्या शाखेत गेलो. तिथल्या मॅडमनी मला एका तासात जे समजावलं ते मला तीन वर्षांच्या डिप्लोम्यात आणि नऊ वर्षांच्या साइटवर कुणी समजावलं नव्हतं. शासकीय कामाचा विमा शासनाच्या विमा संचालनालयाकडूनच काढण्याची अट असेल तर तो तिकडूनच काढा, आधी निविदेतलं ते वाक्य मला दाखवा, असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. स्वतःचा धंदा सोडून त्यांनी हे सांगितलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. माझ्या निविदेत कामाच्या विम्यासाठी ती अट होती. म्हणजे तो कागद मुंबईहून येणार होता. मजुरांचं त्यांच्याकडे झालं.

दोन विमे वेगळे असतात, हेच मला नीट माहीत नव्हतं. कामाचा विमा म्हणजे उभी राहत असलेली भिंत, स्लॅब, आणून टाकलेलं साहित्य यांचा. वादळ आलं, आग लागली, काम ढासळलं तर त्याचे पैसे. भिंतीवर उभ्या असलेल्या माणसाचा विमा हा दुसरा. एक काढला की दुसरा आपोआप येतो असं समजून कितीतरी लोक फसतात. दुसरा विमा कशासाठी, तर कायद्यानं नुकसानभरपाईची जबाबदारी माणूस कामाला लावणाऱ्यावर टाकलेली आहे म्हणून. कायदा तेव्हा १९२३चा होता. शंभर वर्षं जुना. बाबांच्या पहिल्या वहीच्याही कितीतरी आधीचा. विमा असो नसो, जबाबदारी आहेच. विम्यानं फक्त एवढं होतं की पैसे द्यायची वेळ येते तेव्हा ते देणारा कुणीतरी असतो.

त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या निम्मे गुणिले एक आकडा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मजुरीच्या ६० टक्के गुणिले तोच आकडा. हा आकडा वयावर ठरतो आणि कायद्याच्या तक्त्यात छापलेला आहे. पंचविशीतल्या माणसाला २१६.९१, पस्तिशीतल्याला १९७.०६, पन्नाशीतल्याला १५३.०९. माणूस जितका तरुण तितकी पुढची कमाई जास्त बुडाली, असा त्यामागचा विचार. मजुरी कितीही असली तरी हिशेबासाठी धरायच्या मजुरीला कमाल मर्यादा होती. ती आधी ८,००० होती, २०२० पासून १५,००० झाली. म्हणजे पस्तीस वर्षांचा, महिन्याला १५ हजार कमावणारा मिस्तरी कामावर गेला तर त्याच्या घरच्यांना १४,७७,९५० रुपये. महिनाभरात दिले नाहीत तर वर व्याज.

मी त्यांचा कॅल्क्युलेटर मागून घेतला. २०१४. हजेरी २४० रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ६,०००. त्याचे ६० टक्के, ३,६००. वय पस्तीस. गुणिले १९७.०६.

७,०९,४१६.

"आता करता येईल का दावा?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, या १९२३च्या कायद्यानं दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. उशीर का झाला याचं सबळ कारण पटलं तर भरपाईचे दावे ऐकणारे आयुक्त तो माफ करू शकतात, पण आठ-नऊ वर्षं म्हणजे अवघड आहे, वकिलाला विचारा. मी विचारलं. वकिलांनी कागद काय काय आहेत ते विचारलं. हजेरीचा पुरावा? बाबांची वही. पोलीस पंचनामा? नाही. अपघात कामावरच झाला याचा दाखला? दवाखान्याच्या जुन्या कागदावर 'पडल्यामुळे' एवढंच लिहिलेलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दावा लागला असता तर तो बाबांवरच लागला असता, हेही त्यांनी सांगितलं. ते मला बसमध्ये बसल्यावर नीट कळलं.

घरी येऊन मी आकडा सांगितला. बाबांनी २०१४ची वही काढली. त्या माणसाच्या नावाचं वेगळं पान होतं. २०,०००. ५,०००. ३,०००. दिवाळीला २,०००. पोराच्या वह्या-पुस्तकांचे ८००. अशा करत दोन वर्षांत ६२,०००. खाली रेघ मारलेली. बाबा म्हणाले, "मले वाटलं होतं, आपन लय केलं." आणि वही मिटली.

बाबांनी खरंच लय केलं होतं. साडेतीन एकरांच्या माणसानं ६२ हजार देणं काय असतं ते मला माहीत आहे. पण सात लाख नऊ हजार त्याचे होते, आणि वर्षाकाठी काही हजारांचा एक हप्ता भरलेला असता तर ते त्याला मिळाले असते, बाबांचा कापूस न विकता. ही गोष्ट मला अजूनही पचत नाही.

त्यामुळे एक टक्का कापू द्यायचा विषय तिथंच संपला.

मजुरांची पॉलिसी काढताना विचारतात: माणसं किती, कोणतं काम करणार, उंचीवर चढणार का, मजुरी काय. हप्ता यावरच ठरतो. इथं एक मोह असतो आणि तो मलाही झाला. मजुरी कमी दाखवली, मिस्तऱ्याला बिगारी लिहिलं, आठ माणसांची पाच केली की हप्ता खाली येतो. पण भरपाईच्या वेळी हेच आडवं येतं. मी खरी मजुरी लिहिली. मिस्तरी दोन, सेंट्रिंगवाले दोन, बिगारी दोन, रेजा दोन. दवाखान्याचा खर्च मूळ पॉलिसीत नसतो, तो वाढीव म्हणून घ्यावा लागतो, तोही घेतला. हात मोडला, टाके पडले अशी दुखणी साइटवर जास्त होतात, आणि मजूर त्यासाठीच सावकाराकडे जातो. हप्ता किती हे इथं लिहीत नाही, कारण तो कामागणिक बदलतो. आमच्या कामाला तो सिमेंटच्या काही पोत्यांच्या किमतीत बसला एवढं सांगतो.

आठ जणांत त्या माणसाचा पोरगा होता. एकोणीस वर्षांचा, बारावी झालेला, पुण्याला जायच्या तयारीत. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याचा बाप बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. मी पॉलिसीबद्दल सांगितलं, आकडे सांगितले. २०१४चा आकडा सांगितला नाही. सांगायला पाहिजे होता असं मला नंतर वाटलं, आणि पुढे पावसाळ्यात मी तो सांगितलाही. त्या दिवशी जीभ उचलली नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते सगळं बराबर हाय. पन याले वर नको चढवू." मी कबूल केलं की भिंतीच्या कामाला पोरगा खालीच राहील, आणि परांचीला नवी दोरी लागेल, दर आठवड्याला बाबा स्वतः गाठी पाहतील.

सगळ्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायचंही मी ठरवलं. अठरा ते साठ वय आणि मागच्या वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी असेल तर पोरांच्या शिक्षणाला मदत मिळते, आणि कामावर मृत्यू झाल्यास वारसाला मंडळाकडून ५ लाख. ही योजना गावाला माहीत होती, पण मंडळाकडून मिळणाऱ्या भांड्यांच्या संचामुळे. मी नोंदणीकृत कंत्राटदार झालो हे कळल्यावर महिनाभर घरी रांग होती. ज्यांनी आयुष्यात घमेलं उचललं नाही अशा लोकांना नव्वद दिवसांचा दाखला पाहिजे होता. एक जवळचे नातेवाईक तर म्हणाले, "सही कराले तुह्या बापाचं काय जाते?" मी केली नाही. ते अजून आमच्या घरी चहा घेत नाहीत. मंडळाचा पैसा बांधकामाच्या खर्चावरच्या एक टक्का उपकरातून येतो. तो माझ्याही बिलातून कापला जातो. तो पैसा परांचीवरच्या माणसांचा आहे, आणि खोट्या नावांची गर्दी झाली की खऱ्या माणसाचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. बाबांच्या टोळीतल्या दोन रेजा वीस वर्षं विटा वाहत होत्या आणि त्यांची नोंदणी नव्हती, कारण त्यांना दाखला देणारा कुणी नव्हता. त्यांच्यासाठी सही करताना मला खूप बरं वाटलं.

काम फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालं. मुदत चार महिन्यांची.

पायाबद्दल थोडं. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर तीन फुटांचा पाया घेतला की दुसऱ्याच वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. अंदाजपत्रकात पायाची खोली ठरलेली होती, पण तिथं खणल्यावर मुरूम लागला नाही. बाबा खड्ड्यात उतरले, हातात माती घेऊन चोळली, आणि म्हणाले अजून दीड हात. मी शाखा अभियंत्यांना फोन केला, ते आले, पाहिलं, वाढीव खोलीची नोंद मोजमाप वहीत घेतली. अशा वेळी आपल्याच मनानं जास्त खणून मागून पैसे मागायचे नाहीत, आधी नोंद करून घ्यायची, हे मी पुण्यात शिकलो होतो. खड्डा मुरमानं भरून, पाणी मारून, ठोकून घेतला आणि वर प्लिंथ बीम टाकली.

मुरमाचाच फटका मला पहिल्या बिलात बसला. गिट्टी, मुरूम, रेती ही गौण खनिजं. त्यांचं स्वामित्वधन भरल्याच्या आणि वाहतूक पासच्या पावत्या बिलाला जोडाव्या लागतात, नाहीतर तेवढी रक्कम कापतात. मुरूमवाल्यानं पास देतो देतो म्हणत शेवटपर्यंत दिले नाहीत. वीस ब्रासचे १२,००० माझ्या बिलातून गेले. पहिलं चालू बिल ४ लाखांच्या कामाचं. त्यावर १८ टक्के जीएसटी ७२,०००, एकूण ४,७२,०००. त्यातून आयकर ४,०००, जीएसटीची कपात ८,०००, कामगार उपकर ४,०००, सुरक्षा ठेव १६,००० आणि हे १२,०००. हातात ४,२८,०००, आणि त्यातलेही जीएसटीचे पैसे आपले नसतात, ते पुढे भरायचे असतात. नवा माणूस खात्यात आलेला सगळा पैसा आपला समजून लोखंडवाल्याला देऊन टाकतो आणि महिन्याच्या वीस तारखेला कपाळाला हात लावतो. जीएसटी आणि आयकराची कपात बुडत नाही, विवरणपत्रं वेळेवर भरली की ती आपल्या नावावर दिसते. मुरमाचे बारा हजार मात्र कायमचे गेले. पुढच्या प्रत्येक ट्रॅक्टरला पास पाहिल्याशिवाय मी रिकामा होऊ दिला नाही.

एप्रिल-मे मध्ये रेतीची ओढ झाली. बिनपासाची रेती रात्री दारात येत होती, ती घ्यायची नाही असं ठरवल्यामुळे आम्ही पंचवीस दिवस थांबून होतो. स्लॅब जूनमध्ये गेला. सेंट्रिंग ठोकून झालं, सळया बांधायला घेतल्या, आणि बुधवारी, १४ जूनला संध्याकाळी फाइल चाळताना लक्षात आलं की दोन्ही पॉलिस्या आज रात्री बारा वाजता संपतात. त्या कामाच्या मुदतीला बांधलेल्या होत्या, आणि कामाच्या मुदतवाढीचा अर्ज मी केलाच नव्हता. चूक पूर्णपणे माझी.

विम्यात हप्ता आधी आणि जोखीम मागून. विमा कायद्याचं ६४ व्हीबी कलम हेच सांगतं. पैसे पोचल्याशिवाय कंपनी एका दिवसाचीही जबाबदारी घेऊ शकत नाही. मागच्या तारखेनं काही करून घेऊ, असं इथं चालत नाही. मी गुरुवारी सकाळी काम बंद केलं.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. रोज आभाळ भरून यायचं आणि तसंच जायचं. सेंट्रिंग तयार, अर्ध्या सळया बांधलेल्या, आणि आठ माणसं घरी. दोन दिवसांनी पाऊस आला असता तर प्लाय फुगून सगळं पुन्हा करावं लागलं असतं. मजुरांना वेगळीच घाई. मृग लागून गेला होता, पाऊस पडला की सगळे पेरणीला जाणार आणि मग पंधरा दिवस माणूस मिळणार नाही. सेंट्रिंगवाला म्हणाला, "भाऊ, चार दिवसांत काय होते?" बाबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो गप्प झाला.

शुक्रवारी त्या पोराची आई आमच्या अंगणात आली. ती चिडलेली होती. तिला पॉलिसीचं काही देणंघेणं नव्हतं. म्हणाली, पोराच्या चार हजेऱ्यांत सोयाबीनच्या बियाण्याची अर्धी बॅग आली असती, मी दुकानदाराले सांगून बसली. तिचं खरं होतं. मी तिला सांगितलं की बंद दिवसांची अर्धी हजेरी सगळ्यांना देतो. ती म्हणाली, "आन अर्धी कोन देईन?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईनं तिला घरात नेलं, चहा दिला. जाताना ती बाबांशी बोलली, माझ्याशी नाही.

त्याच दिवशी मी मुदतवाढीचा अर्ज घेऊन गेलो. सोमवारी दुपारी पत्र मिळालं. ते मोबाइलवर पाठवून दोन्हीकडे हप्ते भरले. मजुरांच्या पॉलिसीची मुदतवाढ संध्याकाळी साडेपाचला आली, कामाच्या विम्याची पावती सातला. दोन्ही छापून घेतल्या, एक प्रत साइटवरच्या पेटीत ठेवली. अर्धी हजेरी देणार होतो ती पूर्ण दिली. बाबांनी तसं सांगितलं नव्हतं, मलाच राहवलं नाही.

मंगळवार-बुधवार सळया पूर्ण झाल्या, शाखा अभियंत्यांनी येऊन तपासल्या. गुरुवारी, २२ जूनला, सकाळी सात वाजता मिक्सर सुरू झाला. स्लॅबच्या दिवशी माल वर पोचवायला सगळ्यांनाच चढावं लागतं, म्हणून त्या पोराला मी मिक्सरवर ठेवलं, गिट्टी-रेतीचं माप मोजायला. बाबा सेंट्रिंगखाली होते. प्रत्येक बल्लीला हातानं ठोकून आवाज ऐकत ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालले होते. दुपारी साडेतीनला शेवटचं घमेलं वर गेलं, आणि पहिले थेंब आले ते आम्ही ताडपत्री टाकून झाल्यावर.